श्वानपैदास आणि जंतांचा उपद्रव

मुधोळ, कारवान इत्यादि देशी शिकारी जातींच्या पिलांस मागणी असल्यामुळें कित्येक शेतकरीबंधूंनीं शेतीचा जोडधंदा म्हणून श्वानपैदास आरंभिली आहे. ही गोष्ट स्वागतार्हच होय. मुधोळचे अधिपति मालोजीराव घोरपडे यांनीं ज्या जातीस आश्रय दिला व जिच्याकरितां मुधोळनजीक तिम्मापूर येथें संशोधनकेंद्र स्थापन झालें, ती जात शेतकऱ्याच्याच वस्तीवर टिकून राहिली आहे. परंतु या धंद्यांत नफ्याचा हिशेब जितक्या उत्साहानें मांडला जातो, तितक्या उत्साहानें जंतांचा विचार कोणी करीत नाहीं. आणि पिलें मेलीं म्हणजे दोष दृष्टीस, नशिबास किंवा औषधास दिला जातो. आमच्या मतें दोष बहुधा आपल्या व्यवस्थेचाच असतो.

पहिली समजूत अशी कीं, पिलूं माती चाटूं लागलें म्हणजे त्यास जंत होतात. हें अर्धेंच खरें आहे. गोल जंताच्या सूक्ष्म अळ्या कुत्रीच्या मांसांत निद्रिस्त पडून असतात. ती गाभण राहिल्यावर सुमारें बेचाळिसाव्या दिवसापासून त्या जाग्या होऊन गर्भांत शिरतात. म्हणजे पिलूं जंत घेऊनच जन्मास येतें. अंकुशकृमि तर आईच्या दुधांतून जातो व रक्त पितो. हिरड्या पांढऱ्याफटक पडून दोन-तीन आठवड्यांचीं पिलें दगावतात, त्याचें एक मुख्य कारण हेंच. यावरून उघड आहे कीं, पिलूं विकावयाच्या आदल्या दिवशीं एकदां औषध पाजून भागत नाहीं. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यास, प्रत्येक वेळीं पिलूं तोलून औषध द्यावें, आणि त्याच दिवशीं आईसही द्यावें. गाभण कुत्रीस चाळिसाव्या दिवसापासून विल्यानंतर चौदा दिवसांपर्यंत फेनबेन्डाझोल रोज देण्याची जी पद्धति आहे, ती पशुवैद्याच्या सल्ल्यानें अवलंबावी. बैलाच्या औषधाची बाटली काढून अंदाजानें चमचाभर पाजणें हा मात्र निव्वळ अविचार होय.

तथापि केवळ औषधावर भिस्त ठेवणाऱ्यांस एक इशारा देणें अवश्य आहे. अमेरिकेंतील शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शाळांत वर्षानुवर्षें वारंवार औषधें दिलीं गेलीं. परिणामीं एकाहून अधिक जातींच्या औषधांस दाद न देणारे अंकुशकृमि तेथें निपजले, असें इ. स. २०१९ पासून प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून दिसून आलें. तण न काढतां नुसतें खत घालीत जावें, तसाच हा प्रकार झाला. खरा शत्रु जमिनींत आहे. गोल जंताचीं अंडीं मातींत वर्षानुवर्षें जिवंत राहतात व फिनाइलास जुमानीत नाहींत. सबब विष्ठा रोज उचलावी, कारण ताज्या विष्ठेंतील अंडीं लगेच बाधक नसतात. अंकुशकृमीच्या अळ्यांस सुमारें आठवडा व गोल जंताच्या अंड्यांस दोन ते चार आठवडे लागतात. हाच आपला अवधि. शाळेची जमीन फरसबंद असावी, ती उकळत्या पाण्यानें धुवावी, आणि ओल न राहतां ऊन येईल अशी तिची रचना करावी. ही विष्ठा उकिरड्यावर टाकून भाजीच्या वाफ्यांस खत म्हणून कदापि घालूं नये, खोल पुरावी. हींच अंडीं अंगणांत खेळणाऱ्या मुलांच्या पोटांत गेलीं असतां अळ्या यकृतास, क्वचित् डोळ्यासही, इजा करतात.

ज्यांच्या वस्तीवर मेंढरें आहेत त्यांचा जबाबदारीचा वांटा अधिक आहे. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचें पाण्याच्या फोडांनीं भरलेलें काळीज व फुप्फुस कुत्र्यापुढें टाकलें कीं, त्याच्या आंतड्यांत अतिसूक्ष्म पट्टकृमि वाढतो. त्याचीं अंडीं चाऱ्यांतून मेंढीच्या व हातांतून माणसाच्या पोटीं जाऊन पुन्हां तसेच फोड होतात. आइसलंडांत हा रोग एके काळीं घरोघर होता. इ. स. १८६३ सालीं हाराल्ड क्राब्बे या डेन्मार्कच्या पंडितानें तेथें त्याचें संशोधन केलें. पुढील वर्षीं त्यानें लिहिलेली पुस्तिका लोकांत वांटण्यांत आली. तेथील शेतकरी वाचणारा होता. त्यानें तें वाचिलें व आचरिलें, पुढें कायद्याची जोड मिळाली, आणि विसाव्या शतकांत तो रोग तेथून नाहींसा झाला.

आमचे वाचकही वाचणारे आहेत. कच्चें काळीज कुत्र्यास न घालणें, विष्ठा रोज उचलणें, आणि औषधाच्या तारखांची वही ठेवून ती पिलाबरोबर गिऱ्हाइकाच्या हातीं देणें, एवढें जो करील त्यासच आम्हीं पैदासकार म्हणूं. जंतानें पोखरलेलें पिलूं पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरीं धाडणें हा व्यापार नव्हे. बियाण्यांत किडके दाणे मिसळून विकण्यासारखीच ती फसवणूक होय.