त्रेपन्न वर्षांची त्रयी

तिघांनी मिळून एखादे कार्य आरंभावे आणि ते दीर्घकाळ चालावे, हे आपल्या अनुभवास क्वचितच येते. दोघांत वाद झाला तर तो मिटतो किंवा तुटतो. तिघांत मात्र दोघे एकीकडे आणि एक दुसरीकडे, अशी वाटणी होण्याची भीती नित्य असते. प्रस्तुत लेखकाने ऐन उमेदीत दोन शिक्षकमित्रांसह मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांसाठी शिकवणीचा वर्ग काढला होता. संस्कृत आमच्याकडे, गणित व इंग्रजी त्या दोघांकडे. विद्यार्थी येत होते, फी येत होती. तरीही तिसरे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, वर्गाच्या पाटीवर कोणाचे नाव प्रथम घालावे एवढ्या प्रश्नावरून तो मोडला. गणिताच्या मित्राशी पुढे अकरा वर्षे आमचे बोलणे नव्हते. त्यात आमचा दोष किती, याचा हिशेब मांडण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु तेव्हापासून तिघांची मंडळी कोठे टिकलेली दिसली की आम्ही थांबून पाहतो.

अशी एक मंडळी अमेरिकेत १९५५ साली उभी राहिली आणि २००८ पर्यंत एकाच नावाने वादन करीत राहिली. 'बोझार ट्रायो' हे ते नाव. बोझार हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ ललितकला असा आहे. पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांच्या मेळास पाश्चात्य संगीतात पियानो ट्रायो म्हणतात. चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातले, पण खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवावयाचे मोठे व खर्जाचे वाद्य. हायडन, मोझार्ट, बीथोव्हन, शुबर्ट, ब्राह्म्स अशा थोर रचनाकारांनी या तीन वाद्यांसाठी स्वतंत्र रचना करून ठेवल्या आहेत. शंभर वादकांच्या वृंदाला संचालक असतो. एकटा वाजविणारा आपल्या मर्जीचा राजा असतो. ट्रायोत संचालकही नाही आणि राजाही नाही. आता जो पुढे आहे त्याने चार मात्रांनंतर मागे सरून दुसऱ्याची साथ करावयाची, आणि हे सर्व डोळ्यांच्या खुणेने नव्हे तर बहुधा श्वासाच्या चाहुलीने.

त्या काळापर्यंत असा ट्रायो हा कोणाचा जन्माचा व्यवसाय क्वचितच असे. तीन नामांकित एकल वादक सवडीप्रमाणे एकत्र येत, काही कार्यक्रम करीत आणि आपापल्या वाटेने जात. यांतील सर्वांत प्रख्यात मेळ आल्फ्रेड कॉर्तो, झाक तिबो आणि पाब्लो कासाल्स या तिघांचा. १९०५ च्या सुमारास जमलेला हा मेळ तिसऱ्या दशकातील ध्वनिमुद्रिकांमुळे जगभर पोहोचला, आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत विराम पावला. पुढे महायुद्ध आले. कॉर्तो यांनी फ्रान्समधील व्हिशी सरकारात पद स्वीकारले व जर्मनीत जाऊन वादनही केले. कासाल्स हे फ्रँकोच्या स्पेनमध्ये पाऊल न टाकण्याचा निश्चय करून सरहद्दीजवळच्या प्राद या फ्रेंच गावी निर्वासिताचे जीवन कंठीत राहिले. ज्यांचे सूर एके काळी एकमेकांत मिसळून गेले होते त्यांची मने अशी दोन तीरांवर गेली. संगीताने माणसे जोडली जातात, असे आपण सभांतून फार सहज बोलतो.

बोझारच्या तिघांचा पूर्ववृत्तान्तही याच उत्पातातून आलेला आहे. पियानोवादक मेनाहेम प्रेसलर हे १९२३ साली जर्मनीत माग्डेबुर्ग येथे एका ज्यू कुटुंबात जन्मले. वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्या रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनामंदिरे फोडली गेली, त्या रात्री तेही फुटले. ज्यू मुलास शिकविणे धोक्याचे झाले असताही गावातील त्यांच्या शिक्षकाने, चर्चमध्ये ऑर्गन वाजविणाऱ्या एका सामान्य गृहस्थाने, शिकवणी बंद केली नाही. १९३९ मध्ये हे कुटुंब इटलीतील त्रिएस्त बंदरात पॅलेस्टाइनला जाणाऱ्या बोटीची वाट पाहत असता, त्याच शिक्षकाने पाठविलेली देबुसीची एक स्वरलिपी मुलाच्या हाती आली. आजी, आजोबा आणि अनेक आप्त मागे राहिले, ते छावण्यांत मारले गेले. पॅलेस्टाइनला पोहोचल्यावर त्या मुलास अन्न जाईना. एकदा बीथोव्हन वाजवीत असताच तो मूर्च्छित पडला. पुढे सात वर्षांनी, १९४६ मध्ये, याच तरुणाने सान फ्रान्सिस्को येथे देबुसीच्या वादनाची स्पर्धा जिंकली. आमचा सारा जन्म फळ्यापुढे गेला असल्यामुळे असेल, परंतु या संपूर्ण कथेत आम्हांस जर कोणाचा हेवा वाटत असेल तर तो त्या ऑर्गनवाल्या मास्तराचा.

व्हायोलिनवादक डॅनिएल गिले हे वयाने सर्वांत वडील. जन्म १८९९ चा, रशियातला, शिक्षण पॅरिसमध्ये. तेथील प्रसिद्ध काल्वे चतुष्टयात ते वाजवीत असत, आणि युद्धकाळात अमेरिकेस आल्यावर तोस्कानिनी यांच्या वाद्यवृंदात अग्रणी व्हायोलिनवादक झाले. चेलोवादक बर्नार्ड ग्रीनहाउस हे मात्र अमेरिकेतच, नुअर्क येथे, १९१६ साली जन्मलेले. युद्ध संपताच ते प्राद येथे जाऊन कासाल्स यांचे शिष्य झाले. तेथील एक प्रसंग ते पुढे वारंवार सांगत. बाखची एक रचना गुरूंनी त्यांच्याकडून बसवून घेतली ती अशी, की गज कोठे वर व कोठे खाली, कोणते बोट कोणत्या स्वरावर, येथपर्यंत सर्व तंतोतंत कासाल्स यांच्याप्रमाणे. कित्येक आठवडे हा परिपाठ चालला. दोघे एकत्र वाजवू लागले की एकच चेलो वाजत असल्यासारखे वाटे. मग एके दिवशी गुरूंनी शिष्यास समोर बसवून तीच रचना वाजवून दाखविली, तर गज निराळा, बोटे निराळी, सर्वच निराळे! एवढे नेमके बसवून घेतले ते उत्स्फूर्त कसे वाजवावे हे कळावे म्हणून, असा गुरूंचा खुलासा. आपल्याकडील गायकांच्या घराण्यांतील ज्येष्ठांस हे सांगितले तर ते मान डोलावतील आणि यात नवल काय, असे विचारतील.

मोझार्टचे काही ट्रायो ध्वनिमुद्रित करावे अशी प्रेसलर यांची इच्छा होती, त्यातून हे तिघे एकत्र आले. तेव्हा गिले छप्पन्न वर्षांचे, ग्रीनहाउस एकोणचाळीस आणि प्रेसलर एकतीस. १३ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील टँगलवूड येथील संगीतोत्सवात ते प्रथम जाहीरपणे वाजले. तेही ठरलेली दुसरी एक मंडळी येऊ न शकल्यामुळे. नाव ठेवताना त्यांनी कोणा एकाचे नाव प्रथम व कोणाचे शेवटी, ही भानगडच ठेवली नाही. तिघांपैकी कोणाचेच नाव पाटीवर नव्हते. ही गोष्ट वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो.

आता या व्यवसायातील अडचणी पाहा. व्हायोलिनवाला आपले वाद्य बगलेत घेऊन हिंडतो. चेलोवाला विमानात चेलोकरिता स्वतंत्र आसनाचे भाडे भरतो. पियानोवाला मात्र रिकाम्या हाताने जातो आणि त्या त्या गावी जो पियानो नशिबात असेल त्याच्याशी तासाभरात सोयरीक जुळवितो. दुसरी अडचण स्वरांची. पियानोचे स्वर आमच्या पेटीप्रमाणेच बारा समान भागांत आवळून बसविलेले असतात. व्हायोलिन व चेलो यांना गोड गांधार हवा असेल तर तो तारेवर बोट किंचित सरकवून मिळतो. तेव्हा तारवाद्यांनी आपसांत शुद्ध मिळावे की पियानोशी मिळावे, याचा निवाडा पावलोपावली करावा लागतो. तिसरी अडचण नादाची. पियानोची तार हातोडीच्या आघाताने बोलते आणि लगेच विरू लागते. गजाचा स्वर वाटेल तितका लांबतो. शिवाय आजचा लोखंडी चौकटीचा पियानो इतका बलाढ्य असतो की मनात आणले तर तो चेलोस सहज बुडवील. मनात न आणणे हेच ट्रायोतील पियानोवादकाचे कौशल्य. प्रेसलर हे या बाबतीत गिले यांचे ऋण आयुष्यभर मानीत. गिले तालमीत अत्यंत कठोर होते; आपल्याहून चोवीस वर्षांनी लहान असलेल्या सोबत्याची ते गय करीत नसत.

हायडनचे ट्रायो हा या मंडळीचा कीर्तिस्तंभ समजला जातो. त्रेचाळीस ट्रायो त्यांनी अनेक वर्षे खपून ध्वनिमुद्रित केले आणि १९७९ मध्ये 'ग्रामोफोन' या इंग्रजी मासिकाने तो संच वर्षातील सर्वश्रेष्ठ ठरविला. यातील गंमत अशी की हायडनच्या या रचनांत चेलोला स्वतःचे असे बोलणे फारच थोडे. पियानोचा डावा हात जे खर्जात वाजवितो त्याचीच री चेलोने ओढावयाची. मागील पावसाळ्यात आमचे ते गणिताचे मित्र (होय, बोलणे पुन्हा सुरू होऊन बरीच वर्षे झाली) घरी आले असता आमच्या नातीने त्यांना या मुद्रणातील एक ट्रायो ऐकविला. पंधरा मिनिटे ऐकून ते म्हणाले, "दोघेच वाजताहेत. तिसरा कोठे आहे?" नातीने तोच ट्रायो पुन्हा लावला आणि पियानोच्या खालच्या स्वरांकडे तेवढे लक्ष द्यावयास सांगितले. तेव्हा त्यांस तो सापडला. पियानोच्या विरत्या स्वराखाली चेलो एक धागा धरून ठेवतो, त्यामुळे डावा हात ठोकल्यासारखा न वाटता गाऊ लागतो. ज्यांच्या हाती एके काळी पागानिनीच्या मालकीचा असलेला, स्त्रादिवारीने १७०७ मध्ये घडविलेला चेलो होता, त्या ग्रीनहाउस यांनी त्रेचाळीस रचनांत बहुधा एवढेच काम केले. मित्र बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी चहा मागितला.

व्यक्ती बदलत गेल्या. १९६८ मध्ये गिले निवृत्त झाले आणि इसिडोर कोहेन आले. हे पूर्वी जुलियर्ड चतुष्टयात दुसरे व्हायोलिन वाजवीत, म्हणजे मागे राहून ऐकण्याची विद्या त्यांस अवगत होती. ते चोवीस वर्षे राहिले. बत्तीस वर्षांच्या वादनानंतर १९८७ मध्ये ग्रीनहाउस यांनी निरोप घेतला, तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांच्या जागी पीटर वायली आले. १९९२ मध्ये कोहेन यांच्या जागी इडा काव्हाफियन या विदुषी. १९९८ मध्ये दोघेही नवे: कोरियातील युंग उक किम आणि ब्राझीलचे अंतोनियो मेनेसेस. २००२ मध्ये किम यांच्या जागी डॅनिएल होप. त्यांचा जन्म १९७३ चा, म्हणजे ट्रायो अठरा वर्षांचा झाल्यावरचा. या सर्वांत पियानोपुढे बसलेला माणूस तेवढा तोच राहिला.

तर मग हा ट्रायो तोच की निराळा? बौद्ध आणि नैयायिक यांच्या जुन्या वादात दीपज्वालेचा दृष्टान्त येतो. सायंकाळी पाहिलेली ज्योत आणि पहाटेची ज्योत तीच, असे आपण म्हणतो. तेल तर क्षणोक्षणी निराळे जळत असते. यावर पंडितांनी जन्म घालविला आहे. आमच्या मते प्रेसलर यांच्यापुढील प्रश्न अधिक बिकट होता. नवा वादक आला की तीच शुबर्टची रचना, जी शेकडो वेळा वाजविलेली, ती पहिल्यापासून उभी करावयाची. जुने जसेच्या तसे नव्याच्या गळी उतरवावे तर तो नुसती नक्कल करील. सर्व त्याच्यावर सोपवावे तर त्या नावात काय उरले? ज्या कुटुंबांत नव्या सुनेस पहिल्या दिवशी घरातील रीत सांगितली जाते आणि दहा वर्षांनी तीच रीत तिच्या हाताने थोडी बदललेली असते, त्यांना हा पेच समजावून सांगण्याचे कारण नाही. ट्रायोच्या रचना मोजक्याच. त्यामुळे नवेपणा आणावयाचा तर तो त्याच त्या पानांतून. प्रेसलर ज्येष्ठ झाल्यावर त्यांचे सोबती त्यांच्या मुलांच्या, नातवंडांच्या वयाचे होते; तरी बैठकीची मांडणी बदलली नाही. पियानो मागे, तारवाद्ये पुढे. ज्येष्ठ माणूस शेवटपर्यंत मागेच बसला.

होप यांचा एकल वादनाचा व्याप वाढला आणि त्यांनी ट्रायो सोडण्याचे ठरविले, तेव्हा प्रेसलर चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. आणखी एक व्हायोलिनवादक शोधणे अशक्य नव्हते. तसे यापूर्वी चार वेळा झाले होते. या वेळी त्यांनी शोधला नाही. २१ ऑगस्ट २००८ रोजी, जेथे आरंभ झाला त्याच टँगलवूड येथे, अमेरिकेतील अखेरचे वादन झाले, आणि ६ सप्टेंबर रोजी स्वित्झर्लंडमधील लुसर्न येथे शेवटचे. चालू असलेली गोष्ट आपल्या हाताने थांबविण्यास लागणारे धैर्य आरंभाच्या धैर्याहून निराळ्या जातीचे असते. आमचा वर्ग थांबला तो आम्ही थांबविला म्हणून नव्हे, मोडला म्हणून. हा भेद आम्हांस फार उशिरा कळला.

प्रेसलर त्यानंतर घरी बसले नाहीत. ट्रायो स्थापिला त्याच १९५५ साली इंडियाना विश्वविद्यालयात त्यांनी अध्यापन सुरू केले होते, ते चालूच राहिले. जानेवारी २०१४ मध्ये, वयाची नव्वद वर्षे पुरी झाल्यावर, त्यांनी बर्लिन फिलहार्मोनिक या जर्मनीच्या अग्रगण्य वाद्यवृंदाबरोबर प्रथमच मोझार्ट वाजविला. माग्डेबुर्ग सोडून निघालेल्या मुलास बर्लिनच्या त्या व्यासपीठापर्यंत यावयास पंचाहत्तर वर्षे लागली. ६ मे २०२३ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. शंभरावे वर्ष पुरे होण्यास सात महिने अवकाश होता.