रहस्यकथेला ओसरीवरच का बसवता?

मराठी साहित्यात काही पाहुण्यांना माजघरात पाट मिळतो, काहींची ओसरीवरूनच बोळवण होते. रहस्यकथा ही ओसरीवरची. कथास्पर्धांच्या नियमपत्रिका काढून पाहाव्यात. ‘रहस्यकथा व भयकथा पाठवू नयेत’ अशा अर्थाची एक ओळ तळाशी पुष्कळदा आढळते. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींनीही ती पुण्या-मुंबईकडून जशीच्या तशी उचलली. का उचलली, हे कोणी विचारले नाही. ही ओळ आता खोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि तीही रहस्यकथेवर दया म्हणून नव्हे, आपल्याच हितासाठी.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे नाव सांगितले तर फारसे कोणी ओळखणार नाही. बाबूराव अर्नाळकर म्हटले की मात्र साठी उलटलेल्या चेहऱ्यांवर हसू उमटते. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची माणसे घरोघरी वावरत होती. १९९६ साली बाबूराव गेले, तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक पुस्तके होती. २०२१ साली निवर्तलेले गुरुनाथ नाईक यांचीही संख्या हजारापुढची. या दोघांनी मराठी माणसाच्या हाती पुस्तक ठेवले आणि ते संपेपर्यंत खाली ठेवू दिले नाही. एवढ्या वाचकांना वाचनाची गोडी लावणाऱ्यांची वाङ्मयेतिहासात मात्र ओळ-दोन ओळींवर बोळवण होते.

यावर ठरावीक आक्षेप येतात. पहिला उसनवारीचा. बाबूरावांचे पुष्कळ कथानक इंग्रजीवरून बेतलेले होते, हे खरेच. त्याआधी दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून आपल्या कादंबऱ्या रचल्या, हेही खरे. पण देवलांचा ‘झुंझारराव’ ऑथेल्लोवरून आला आणि आगरकरांचे ‘विकारविलसित’ हॅम्लेटवरून, तेव्हा आपण त्याला रूपांतर म्हटले आणि गौरवले. झुंझाररावाला मखर आणि झुंजाराला उंबरठा, हा न्याय कोणता?

दुसरा आक्षेप घाईचा. हजार पुस्तके लिहिणाऱ्याची सारीच चांगली असणार नाहीत, हे सांगायला पंडित लागत नाही. त्यांतली पन्नास निवडून ती का चांगली, हे सांगायला मात्र पंडितच लागतो. टीकाकारांनी हे निवडण-टिपण केलेच नाही. सगळे सूप एकदम उकिरड्यावर पालथे केले आणि वर दाण्यांत खडे फार होते अशी तक्रार केली.

बंगाल्यांनी असे केले नाही. शरदिंदु बंद्योपाध्याय ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून तिकडे मान्यता पावले, आणि १९३२ पासून ज्याच्या कथा त्यांनी लिहिल्या तो ब्योमकेश बक्षीही त्याच मानाने कपाटात बसला. सत्यजित राय यांनी १९६५ साली फेलूदाला जन्म दिला; त्यामुळे त्यांची प्रतिष्ठा कमी झाली असे कोणी म्हटले नाही. मौज अशी की हे शरदिंदुबाबू १९५२ पासून पुण्यात स्थायिक होते. ब्योमकेशच्या उत्तरकाळातील कथा त्यांनी लिहिल्या त्या मराठी मुलखात बसून, आणि शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोरावरही त्यांनी बंगालीत कथा रचल्या. जे बीज आमच्या अंगणात रुजत होते, त्याची फळे बंगाल्यांनी चाखली.

‘रहस्यकथा लिहायला स्फूर्ती कुठून मिळते?’ हा प्रश्न अशा लेखकांना नेहमी विचारला जातो, आणि त्यामागे बहुधा कुत्सितपणा असतो. उत्तर साधे आहे: नीट पाहण्यातून. कॉनन डॉयल यांना होम्स सापडला तो एडिंबरोतील आपले गुरू डॉ. जोसेफ बेल यांच्या ठायी. रोग्याकडे नुसते पाहून ते त्याचा व्यवसाय सांगत. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधशाळेत काम करीत होत्या. विषांची मात्रा त्या तेथे शिकल्या, आणि १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीत तेच ज्ञान कामी आले.

आणि लेखनाची शिस्त? कथेचा शेवट ठरल्यावाचून लेखणी उचलू नये, हे एडगर ॲलन पो १८४६ सालीच सांगून गेला. रहस्यकथाकार शेवटाकडून आरंभाकडे विचार करतो आणि आरंभाकडून शेवटाकडे लिहितो. प्रत्येक धागा वाचकाच्या डोळ्यांदेखत ठेवायचा, तरी तो त्याच्या ध्यानी येऊ द्यायचा नाही; शेवटी वाचकाने मागची पाने उलटून ‘अरे, हे तर इथेच होते’ म्हणून कपाळाला हात लावला पाहिजे. ललित निबंधात सैल वाक्य खपून जाते. येथे एक सैल वाक्य म्हणजे एक फुटलेले गुपित. गद्यलेखनाची याहून कठोर तालीम आम्हांला ठाऊक नाही. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, अमर विश्वास, मंदार पटवर्धन यांच्या कथांतून हात बसवला. ‘दुनियादारी’ही त्याच हाताने लिहिली. शिरवळकर २००३ साली गेले. २०१३ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला आणि तरुण पिढीने मूळ पुस्तक पुन्हा शोधून काढले.

म्हणून लिहू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचा सल्ला असा: लंडनचे धुके आणि मुंबईचे गुंड दूर ठेवा, आपल्या गावाकडे पाहा. महिधरपुऱ्याच्या रस्त्यावर उभे राहून कागदाच्या पुडीतले हिरे पारखणारे दलाल, लाखोंचा माल विश्वासावर नेणारा आंगडिया, रिंगरोडच्या कापडबाजारातील उधारीच्या वह्या, डच कबरस्तानातील घुमट, १९९४ च्या प्लेगात एका रात्रीत कुलुपे लागलेली घरे, २००६ च्या पुरात तापीने बुडवलेले दप्तर: यांतली प्रत्येक गोष्ट एका कादंबरीचे बी आहे. दप्तर बुडाले म्हणजे पुरावा बुडाला. मग तो पुरात बुडाला की कोणी बुडवला, एवढा एकच प्रश्न विचारा आणि लिहायला बसा. रोज ठरल्या वेळी बसा. शेवट आधी ठरवा. वाचकाला फसवा, पण त्याच्याशी खोटे बोलू नका.

आता आपल्या हिताची गोष्ट. आपल्या घरांतली तिसरी-चौथी पिढी मराठी बोलते, पण वाचत नाही. तिच्या हाती एकदम समीक्षाग्रंथ द्यावा आणि तिने तो वाचावा, ही अपेक्षा भाबडी आहे. दुसरीकडे उधना-लिंबायत भागात खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी माणसे फार मोठ्या संख्येने राहतात. आपल्या सभांना ती येत नाहीत, कारण आपण त्यांना वाचावेसे वाटेल असे काही छापत नाही. सुरतेतल्या गल्लीबोळांत घडणारी उत्तम मराठी रहस्यकादंबरी या दोघांच्याही हाती एकाच दिवशी पडू शकते. दुसरा कोणता वाङ्मयप्रकार हे साधेल, ते आक्षेपकांनी सांगावे.

आपल्या पुढल्या कथास्पर्धेची नियमपत्रिका छापण्यापूर्वी ती तळची ओळ खोडावी, एवढीच आमची मागणी आहे. कथा वाईट आली तर परीक्षकांनी ती खुशाल नाकारावी. त्यासाठीच त्यांना बसवले आहे. न वाचताच नाकारण्याचा अधिकार मात्र त्यांना कोणी दिला, या रहस्याचा उलगडा अजून व्हायचा आहे.