एकाच खुराड्यांत सारीं पांखरें कोंडूं नका

कोंबडी, बदक व टर्की हीं तिन्ही दाणे टिपणारींच पांखरें. मग त्यांस निरनिराळीं खुराडीं कशाला, असें आमचे कित्येक शेतकरी बंधु विचारतात. या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नसल्यामुळें गरीब बायांचें मीठमिरचीचें भांडवल आठ दिवसांत बुडतें, म्हणून चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

धडधाकट दिसणाऱ्या पांखरापासून भय नाहीं, ही लोकांची समजूतच घातक आहे. कोंबडीच्या आंतड्यांत बारीक कृमि असतात. त्यांच्या अंड्यांत दडून ब्लॅकहेड रोगाचा सूक्ष्म जंतु विष्ठेवाटे जमिनींत उतरतो. कोंबडीस त्याचा फारसा त्रास होत नाहीं. पण त्याच जमिनीवर टिपणाऱ्या टर्कीचें यकृत सडतें, तिला पिवळी हगवण लागते आणि कळपच्या कळप आडवा होतो. हीं अंडीं मातींत कित्येक वर्षें टिकतात. तेव्हां कोंबड्या विकून त्याच आवारांत टर्की सोडणें हेंहि धोक्याचेंच.

बदक पाणी सांडून खालचा भुसा ओला करतें. त्या ओलींत कोंबडीच्या पिलांस रक्ती हगवण धरते. बर्ड फ्लूचा विषाणु अंगांत असूनहि बदक पुष्कळदां निरोगी दिसतें. २००६ सालीं नवापुरास याच रोगापायीं लाखों कोंबड्या माराव्या लागल्या, हें विसरतां येईल काय?

खाण्याचेंहि तसेंच. कोंबडीच्या खाद्यांत घालतात तें सॅलिनोमायसिन औषध टर्कीस विषासमान आहे. बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीनें १९६० सालीं इंग्लंडांत लाखाहून अधिक टर्की मेल्या. बदकाचीं पिलें तर तिनें फार लवकर दगावतात.

पांखरें मेलीं कीं दृष्ट लागली म्हणून अंगारा लावणारे कांहीं थोडे नाहींत. अंगाऱ्यानें कृमि मरत नाहींत! आवार वेगळें, भांडीं वेगळीं ठेवा. आधीं टर्कीचें काम उरका, मग कोंबड्यांकडे जा. बाजारांतून आणलेलें पांखरूं महिनाभर अलग ठेवा. मानमोडीची लस चुकवूं नका. आणि जागा एकच असेल तर एकच जात पाळा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जे पिलें विकतात वा योजनेंतून वाटतात, त्यांनीं हें सर्व घेणाऱ्या बाईस तिच्या भाषेंत समजावून सांगितलें पाहिजे. ज्ञानावांचून दिलेलीं पिलें हें दान नव्हे, गरिबाच्या माथीं मारलेलें ओझें होय.