वर्गातली टाकी आणि एंजलची पिल्लं

आमच्या वर्गातल्या टाकीत एंजल माशांच्या जोडीने रुंद पानावर अंडी घातली आणि मुलं मधली सुट्टीच विसरली! आईबाप दोघंही पंखांनी अंड्यांना वारा घालायचे, खराब अंडी तोंडाने वेचून काढायचे. दोन-तीन दिवसांत पिल्लं फुटली, आठवडाभरात पोहायला लागली. दुसऱ्या सकाळी एकही नाही. टाकीतल्या बाकीच्या माशांनी फस्त केली.

"बाई, आईबाबा होते ना तिथे?"

"निसर्गनियम," म्हटलं मी. चुकलंच माझं. दोन फुटांच्या काचेत चार जातींचे मासे मी कोंडले होते, निसर्गाने नाही.

म्हणून शिक्षक-पालकांनो, अंडी दिसली की आईबापांना नाही, इतर माशांना हलवा. पिल्लं पोहू लागली की ताजी फुटलेली आर्टेमिया द्या. दुसरी टाकी जमत नसेल, तर मिश्र टाकीत जोडी ठेवूच नये.