गृध्रसी म्हणण्यापूर्वी

कटिशूल आणि गृध्रसी यांचे रुग्ण आपल्याकडे विश्वासाने येतात व त्यांतील बहुतेक बरेही होतात. हे नेहमीचे यशच क्वचित घातक ठरते, असे आम्हांस वाटते. प्रौढांत मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कटिकशेरुकेच्या पातळीवर संपतो. त्याखाली मज्जातंतूंचा जो झुपका उतरतो, त्यास अश्वपुच्छ म्हणतात. चौथ्या-पाचव्या कटिकशेरुकांमधील किंवा त्याखालची चकती मोठ्या प्रमाणात सरकून या झुपक्यावर दाब आला, की ती केवळ गृध्रसी राहत नाही. ती शल्यतंत्राची आत्ययिक अवस्था होते.

हा रुग्ण पुष्कळदा चिकित्सालयाआधी औषधालयाच्या काउंटरवर भेटतो. गेल्या आठवड्यात योगराज गुग्गुळ व महानारायण तेल नेलेला मनुष्य आज लघवी अडते म्हणून गोक्षुरादि गुग्गुळ मागतो, पोट साफ होत नाही म्हणून एरंडतेलही. तीन तक्रारी, तीन औषधे. मूळ मात्र एकच असू शकते. अशा वेळी विक्रेत्याने औषध बांधण्याआधी वैद्यांकडे पाठवावे आणि वैद्यांनी संकोच सोडून विचारावे: शौचानंतर धुताना स्पर्श जाणवतो का? लघवी भरल्याची जाणीव होते का? नकळत गळते का? खोगिराला टेकणाऱ्या भागाची बधिरता रुग्ण, विशेषतः स्त्रिया, आपणहून सांगत नाहीत. दोन्ही पायांत कळ, पावलांतील वाढता दुबळेपणा, नव्याने आलेली लैंगिक असमर्थता यांचीही दखल घ्यावी. दुखणे उतरले पण बधिरता वाढली, तर तो उपशय नव्हे.

सुश्रुतांनी कुकुंदर मर्माच्या आघातात अधःकायाचा स्पर्शनाश व चेष्टोपघात सांगितला आहे. तेव्हा हा विचार आपल्या शास्त्राला परका नाही. संशय येताच कटिबस्ती, मर्दन, स्वेदन थांबवावे. (बधिर त्वचेला शेकाचा चटका कळत नाही, हे आणखी निराळे.) एम.आर.आय. व मणक्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे आणि लघवी केव्हापासून अडली, बधिरता कोठे आहे, हे चिठ्ठीवर वेळेसह लिहावे. ४८ तासांच्या आत दाब मोकळा केल्यास परिणाम अधिक चांगले मिळतात, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. काहीजण हा आकडा सवलतीच्या मुदतीसारखा सांगतात. तो तसा नाही. मूत्राशय पूर्ण बधिर होण्यापूर्वी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण अधिक सावरतो.

असा रुग्ण पाठवला की परत येत नाही, ही तक्रार आम्हांस पटत नाही. शस्त्रक्रियेनंतर मलमूत्रवेगांचे व पायांचे दौर्बल्य महिनोन्महिने रेंगाळू शकते; तेव्हा शल्यचिकित्सकांशी विचारविनिमय करून करावयाचे काम पुष्कळ असते. वरील प्रश्नांची छापील पट्टी संघटनेने प्रत्येक औषधालयास द्यावी, अशी सूचना आम्ही आगामी बैठकीत मांडणार आहोत.