मदतीचा हात आखडल्यावर युगांडा

२० जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्र मदत स्थगित करणाऱ्या आदेशावर स्वाक्षरी झाली. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, ३० जानेवारीला, युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने कंपाला शहरात इबोलाची साथ उद्भवल्याचे जाहीर केले. पहिला बळी ठरला तो मुलागो या राष्ट्रीय रुग्णालयातील एक परिचारक. या दोन घटनांचा परस्परसंबंध नसला, तरी त्या एकत्र वाचल्या की आफ्रिकेतील विज्ञानाची आजची अवस्था स्पष्ट होते.

साथ जाहीर झाल्यापासून चार दिवसांच्या आत, ३ फेब्रुवारी रोजी, बाधितांच्या संपर्कात आलेल्यांना चाचणीतील लस टोचण्यास प्रारंभ झाला. इबोलाच्या साथीत लसीची चाचणी एवढ्या त्वरेने यापूर्वी कधीच सुरू झाली नव्हती. मकेरेरे विद्यापीठ आणि एंटेबे येथील विषाणू संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी हे काम हाती घेतले. २६ एप्रिलला साथ संपल्याचे घोषित झाले, तेव्हा एकूण रुग्ण १४ आणि मृत्यू ४ एवढीच नोंद होती.

ही तत्परता एकाएकी आली नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये मुबेंडे जिल्ह्यात याच विषाणूची, म्हणजे इबोलाच्या 'सुदान' प्रकाराची, साथ आली होती. बाजारात उपलब्ध असलेली लस 'झैर' प्रकारावर चालते, सुदान प्रकारावर नाही. तेव्हा नव्या लशींची शोधाशोध झाली. त्यांतील ऑक्सफर्डच्या लशीचे डोस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अल्पावधीत तयार केले. परंतु लशींचे पहिले डोस डिसेंबरमध्ये पोहोचेपर्यंत साथ ओसरली होती आणि ज्यांच्यावर चाचणी घ्यायची ते संपर्कातील लोकच उरले नव्हते. त्या साथीत ५५ जण निश्चित निदानानंतर मरण पावले. मग कागदपत्रे, परवानग्या, शीतपेट्या, प्रशिक्षित माणसे हे सारे आधीच सिद्ध करून ठेवण्यात आले. लसीचा साठाही देशातच ठेवला गेला. २०२५ चे चार दिवस हे अशा दोन वर्षांच्या तयारीचे फळ होते.

त्याहून मागे जायचे तर उत्तर युगांडातील गुलू गाठावे लागते. तेथील लाकोर रुग्णालय १९५९ साली कोम्बोनी मिशनऱ्यांनी स्थापन केले. १९६१ पासून पिएरो कोर्ती हे इटालियन बालरोगतज्ज्ञ आणि ल्युसील तीसडेल या कॅनेडियन शल्यविशारद या दाम्पत्याने ते नावारूपाला आणले. युद्धातील जखमींवर शस्त्रक्रिया करताना ल्युसील यांना एचआयव्हीची बाधा झाली आणि १९९६ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेले डॉ. मॅथ्यू लुकविया पुढे या रुग्णालयाचे अधीक्षक झाले. ऑक्टोबर २००० मध्ये परिचर्येचे शिक्षण घेणारे विद्यार्थी अनाकलनीय तापाने दगावू लागले. तेव्हा कंपालात उच्च शिक्षण घेत असलेले लुकविया तातडीने परतले, रुग्णांचे कागद रात्रभर चाळले आणि हा इबोला असावा असा निष्कर्ष त्यांनी काढला. विलगीकरण कक्ष त्यांनीच उभारला. त्या साथीत ४२५ जण आजारी पडले, २२४ मरण पावले. आपल्याच एका परिचारकाला वाचवण्याच्या धडपडीत लुकवियांना संसर्ग झाला व ५ डिसेंबर २००० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कबर लाकोरच्या आवारातच, ल्युसील यांच्या शेजारी आहे.

युगांडाच्या भूमीतून जगाला काय मिळाले, याची यादी लहान नाही. झिका विषाणू १९४७ मध्ये एंटेबेजवळच्या झिका अरण्यात सापडला, म्हणून त्याला ते नाव. आईकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग नेव्हिरापिन या औषधाच्या एकेका मात्रेने जवळजवळ निम्म्यावर येतो, हे १९९९ मध्ये कंपालातील चाचणीने दाखवले. त्याचा उपयोग पुढे अनेक गरीब देशांतील प्रसूतिगृहांत झाला. २०२४ मध्ये युगांडा व दक्षिण आफ्रिका येथील ५,३०० हून अधिक युवतींनी ज्या चाचणीत भाग घेतला, तिचा निकाल तर विलक्षण होता. वर्षातून दोनदा लेनाकापाविरचे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही एचआयव्हीची बाधा झाली नाही.

येथे प्रश्न उभा राहतो. चाचणीसाठी ज्यांनी आपला देह पुढे केला, त्यांना औषध मिळणार कधी? अमेरिकेत या इंजेक्शनची वार्षिक किंमत सुमारे २८,००० डॉलर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कंपन्यांना स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना मिळाला. त्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या घोषणेनुसार भारतीय बनावटीचे हे औषध २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला मिळायचे आहे. म्हणजे अडचण आता औषधाची उरणार नाही. ते गावोगाव पोहोचवणाऱ्या यंत्रणेची राहील. नेमकी तीच यंत्रणा २००३ पासून बव्हंशी अमेरिकन निधीवर उभी होती. तिचा मोठा भाग चालवणारी 'यूएसएड' ही संस्था १ जुलै २०२५ रोजी अधिकृतपणे बंद झाली.

हिवतापाच्या लसीची कथाही याच वळणाची. एप्रिल २०२५ मध्ये युगांडाने आर-२१ ही लस शंभराहून अधिक जिल्ह्यांतील बालकांना देण्यास सुरुवात केली. हीदेखील पुण्यातच तयार होते. खरेदीचा मोठा भार 'गावी' या जागतिक लस संघटनेवर आहे आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेने त्या संघटनेचे साहाय्य थांबवत असल्याचे जाहीर केले.

रुग्णालयाच्या बातम्या निदान वर्तमानपत्रांत येतात. शेतीच्या संशोधनाची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. वास्तविक युगांडात शेती आणि आरोग्य यांची फारकत करताच येत नाही.

आपल्याकडे साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा हे तेथील गोरगरिबांचे अन्न. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्तरेकडून त्यावर मोझॅक रोगाची लाट आली. पांढरी माशी हा रोग पसरवते. पाने आकसतात, कंद पोसत नाही. कसाव्याची शेते ओस पडली, काही भागांत उपासमार झाली. दोन विषाणूंच्या संकरातून हा नवा, अधिक घातक प्रकार जन्मला होता, हे १९९७ च्या सुमारास कळले. नामुलोंगे येथील संशोधन केंद्राने रोगाला दाद न देणारे वाण शेतकऱ्यांपर्यंत नेले आणि पीक सावरले. पण २००४ पासून तपकिरी रेषांचा दुसरा रोग आला. हा अधिक कपटी आहे : वरून झाड हिरवेगार दिसते, आणि खणून काढल्यावर कंद आतून सडलेला निघतो. ज्या माशीला पहिल्या लढाईत हरवले असे वाटले, तीच दुसरा रोगही वाहून नेते. शेतीसंशोधनात विजय हा शब्द जपूनच वापरावा!

केळीबद्दल वसईच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. युगांडात 'मातोके' म्हणून कच्ची केळी उकडून खातात; तेच त्यांचे भाकरी-भात. २००१ मध्ये मुकोनो जिल्ह्यात केळीला जिवाणूजन्य मर रोग लागला. पाने पिवळी पडून वाळतात, लोंगर अवेळी पिकतो, फळ आतून कुजते. औषध नाही. उपाय मात्र साधा निघाला. कीटक केळफुलावर बसून जिवाणू नेतात, म्हणून शेवटची फणी सुटताच केळफूल मोडायचे, तेही कोयत्याने नव्हे तर दुबेळक्याच्या काठीने, कारण कोयत्याच्या पात्यावरूनच रोग शेजारच्या खुंटाला जातो. कोयता वापरलाच तर विस्तवावर धरायचा. ज्या बागांत हे नेमाने झाले त्या वाचल्या. तथापि हे ज्ञान घरोघर नेण्यासाठी कृषी सहायक हवा, त्याला वाहन आणि पगार हवा. जनुकीय तंत्राने रोगप्रतिकारक केळी बनवण्याचे कामही कवांडाच्या प्रयोगशाळेत झाले आहे. मात्र त्यासंबंधीचे विधेयक संसदेने २०१७ मध्ये संमत केले, राष्ट्राध्यक्षांनी परत पाठवले. २०१८ मध्ये पुन्हा संमत झाले, तेव्हाही स्वाक्षरी झाली नाही. राष्ट्राध्यक्षांच्या शंका सर्वस्वी निराधार होत्या असे म्हणता येणार नाही. देशी बियाण्यावर मालकी कोणाची, हा प्रश्न खरा आहे. पण उत्तर न देता वर्षे घालवणे हाही एक निर्णयच ठरतो.

याउलट नारिंगी रताळ्याला कायद्याची वाट पाहावी लागली नाही. पांढऱ्या गराच्या रताळ्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते आणि त्याच्या अभावी मुलांची दृष्टी जाते, साध्या गोवराने जीव जातो. युगांडाचे शास्त्रज्ञ रॉबर्ट म्वांगा यांनी पारंपरिक संकरातूनच नारिंगी गराचे वाण सिद्ध केले. २००७ ते २००९ या काळात हजारो कुटुंबांना त्याचे बेणे दिल्यावर मुलांच्या आहारातील अ जीवनसत्त्व वाढल्याचे दिसले. २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार म्वांगा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांना मिळाला.

आता या साऱ्याचे पुढे काय? दोष केवळ दात्यांना देऊन चालणार नाही. २००१ मध्ये अबुजा येथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अर्थसंकल्पाचा १५ टक्के वाटा आरोग्याला देण्याचे वचन दिले होते. युगांडा त्या आकड्याच्या जवळपासही टिकलेला नाही. उणीव भरून काढतात ती धर्मसंस्थांची रुग्णालये. कॅथलिक वैद्यकीय विभागाच्या छत्राखाली तीसहून अधिक रुग्णालये चालतात, बहुतेक खेड्यांत. निधी आटला की त्यांच्यापुढे दोनच वाटा असतात : रुग्णाकडून अधिक शुल्क घेणे किंवा परिचारिका कमी करणे. लाकोरसारख्या ठिकाणी शुल्क वाढवले तर सर्वांत गरीब आई उंबरठ्यावरून परत फिरते, आणि परिचारिका कमी केल्या तर पुढची साथ ओळखणारे डोळे कमी होतात.

शेतीत तर तुटवडा दिसायलाही वेळ लागतो. अमेरिकन विद्यापीठांतून आफ्रिकेसाठी चालणाऱ्या बहुतेक संशोधन प्रकल्पांचा निधी २०२५ च्या आरंभीच थांबला. नारिंगी रताळे बियांनी नव्हे, वेलाच्या तुकड्यांनी लावतात. उन्हाळाभर त्या वेलाला कोणीतरी पाणी घालून जिवंत ठेवावे लागते, तरच पहिल्या पावसाला लावायला बेणे हाती येते.