नेसणीलाही गावाचं नाव हवं

जून 2025मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर थेट कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला आणल्या आणि त्यांना नुसतं ‘चामड्याच्या सँडल’ म्हटलं. महाराष्ट्रात ओरड झाली, तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन 2 हजार जोड इकडेच करून घ्यायचं ठरलं. यामागे लोकांचा रेटा होताच, पण कोल्हापुरीला 2019मध्ये दोन्ही राज्यांतल्या आठ जिल्ह्यांसाठी मिळालेलं भौगोलिक मानांकनही होतं. भांडायला हातात कागद होता.

कोलाड-रोहा-पेण पट्ट्यातल्या आगरी-कोळी पेहरावाच्या वाट्याला असा कागद येणं अवघड आहे. इथल्या बायकांचं लुगडं बाहेरच्या मागावरून येतं. इथलं आहे ते नेसणं. काष्टा मागे घट्ट खोचायचा आणि लुगडं वर ओढून पोटऱ्या मोकळ्या ठेवायच्या. भातलावणीच्या चिखलात वाकताना, खारेपाटातल्या मिठागरात पाटी उचलताना किंवा खाडीत उतरताना पायात कापड घोळलं की काम अडतं. त्या गरजेतून हे नेसणं घडलं. पण 1999चा भौगोलिक मानांकनाचा कायदा वस्तूंसाठी आहे, हातातल्या सवयीसाठी नाही. त्यामुळे कुणी हीच नेसण शिवून ‘पारंपरिक लूक’ म्हणून विकली, तर ती जिथून आली त्या गावांना विचारायचीही त्याला गरज पडत नाही.

यावर म्हटलं जातं की संस्कृती ही कुणाची मक्तेदारी नव्हे, आणि ते खरंच आहे. पैठणीच्या पदरावर अजिंठ्याचं कमळ आलं ते उसनवारीतूनच. शिवलेल्या नऊवारीलाही नाकं मुरडायचं कारण नाही. हळदीच्या दिवशी झटपट नेसून नाचायला ती आगरी-कोळी मुलींनाच सोयीची वाटते. प्रश्न घेण्याचा नाही, घेताना नाव पुसण्याचा आहे. शिवणारा सगळ्या नऊवाऱ्या एकाच साच्यात बसवतो, तेव्हा आगरी, कोळी आणि देशावरची नेसण यांतला फरकच बुजतो. जो फरक दिसतच नाही, त्यावर हक्क तरी कोण सांगणार?

नुसत्या नावाने पोट भरतं का, हा आक्षेप अधिक टोकदार आहे. त्याचं उत्तर याच पट्ट्यात आहे. ‘पेणचा गणपती’ एवढे दोन शब्द गिऱ्हाइकाला पुरतात, आणि त्या नावावर पेणच्या मूर्ती परदेशातही जातात. नाव टिकलं तर बाजार मूळ गावाकडे वळतो. मात्र नावापुढे मोबदलाही हवा. डिझायनरने लेबलवर नेसणीचं आणि समाजाचं नाव छापावं, नमुना ठरवताना ती रोज नेसणाऱ्या बायकांना मार्गदर्शक म्हणून बोलवावं आणि त्यांना त्या कामाचे पैसे द्यावेत. कुंडलिकेवर राफ्टिंगला येणाऱ्या पर्यटकांवर चालणाऱ्या कोलाडच्या रिसॉर्टांनीही कोळीनृत्याच्या कार्यक्रमात हाच दंडक पाळावा. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. प्राडाकडे आपण जे मागितलं, ते आपल्याच दुकानदाराकडे मागायला संकोच कसला?